बुरशीचें वरसंशोधन

पावसाळ्यांत चार दिवस विसरून राहिलेला पावाचा तुकडा फडताळांतून बाहेर काढला, तर त्यावर पांढऱ्या-करड्या तंतूंचें जाळें पसरलेलें दिसतें आणि त्या जाळ्यावर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके उभे असतात. गृहिणी नाक मुरडून तो तुकडा फेकून देते, आणि तें योग्यच आहे. परंतु पाव नासविणारी ही बुरशी आणि तोच पाव फुगविणारें यीस्ट हीं दोन्ही एकाच मोठ्या कुळांतलीं आहेत. शास्त्रज्ञ त्या कुळाला कवक म्हणतात. गोव्यांतील पोदेर पूर्वीं माडाच्या सुरेनें पीठ आंबवीत असे; त्या सुरेंतहि यीस्टच काम करीत असे. घर बिघडविणारें कवक असो कीं घर चालविणारें असो, त्याच्या आयुष्यांत एक प्रसंग असा येतो कीं त्याला जोडीदार शोधावा लागतो. त्याला डोळे नाहींत, कान नाहींत, जवळ जाण्यास पाय नाहींत. मग तें आपला जोडीदार ओळखतें कसें, आणि नको तो जोडीदार टाळतें कसें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. या प्रश्नाच्या उत्तरांत केवळ पंडितांचें कुतूहल गुंतलेलें नाहीं; महाराष्ट्रांतील उसाच्या मळ्याचें हिताहितहि त्यांत गुंतलेलें आहे.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. बुरशीला जोडीदाराची गरजच काय? एरवीं तिचा संसार एकटीनेंच चालतो. पावावरील बुरशी आपल्या काळ्या ठिपक्यांतून असंख्य बीजाणु वाऱ्यावर सोडते. यीस्टच्या पेशीला कळी फुटते, ती वाढते आणि वेगळी होते. ही संतति म्हणजे मातेची हुबेहूब नक्कल. अन्न मुबलक आहे आणि ऋतु अनुकूल आहे, तोंवर नक्कल पुरेशी असते. परंतु परिस्थिति पालटली, म्हणजे एकाच सांच्यांतून निघालेल्या हजारोंचा एकदम नाश होण्याचें भय असतें. दोन निराळ्या कुळांचा वारसा एकत्र आला, तर गुणांचे नवे मेळ तयार होतात आणि त्यांतील कांहीं तरी तग धरतात. मीलनाचा लाभ हा आहे, आणि तें आपल्याच नकलेशीं झालें तर तो लाभ पदरांत पडत नाहीं. धर्मशास्त्रानें सगोत्र विवाह निषिद्ध मानला. बुरशीच्या सृष्टींतहि तसाच एक निर्बंध आढळतो. मात्र तेथें गोत्र सांगणारा उपाध्याय नाहीं. तें काम रसायनें करतात.

या निर्बंधाचा शोध १९०४ मध्यें लागला. आल्बर्ट ब्लेक्सली या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानें पावावरील बुरशीच्या वर्गांतील अनेक वाण निरनिराळे वाढवून पाहिले. त्यांतील कित्येक वाण एकटे असतां केवळ साधे बीजाणु देत; मीलनांतून होणारा जाड कवचाचा काळा बीजाणु त्यांच्यावर कधींच येत नसे. परंतु विशिष्ट दोन वाण एकाच बशींत समोरासमोर वाढूं दिले कीं जेथें त्यांचे तंतु एकमेकांस भिडत, तेथें त्या काळ्या बीजाणूंची एक स्पष्ट रेघच उमटे. दोन्ही वाण दिसावयास अगदीं सारखे. नर कोणता आणि मादी कोणती हें सांगण्यास कसलीच खूण नव्हती. म्हणून ब्लेक्सलीनें नर-मादी हे शब्दच टाळले आणि एका वाणास ‘धन’ व दुसऱ्यास ‘ऋण’ अशीं नांवें दिलीं. धन आणि धन जुळत नाहीं, ऋण आणि ऋण जुळत नाहीं. धनास ऋणच पाहिजे.

पुढें १९२४ मध्यें हान्स बुर्गेफ या जर्मन शास्त्रज्ञानें असे दोन वाण मध्यें पातळ पडदा घालून वेगळे ठेवले. तंतूंना एकमेकांस स्पर्श करणें अशक्य होतें. तरीहि दोन्ही बाजूंस मीलनाचे अवयव फुटूं लागले. तेव्हां कांहीं तरी विरघळणारें द्रव्य पडद्यांतून पाझरून पलीकडे निरोप पोंचवीत असलें पाहिजे, हें उघड झालें. हें द्रव्य कोणतें तें कळण्यास आणखी कांहीं दशकें लागलीं. तें ट्रायस्पोरिक आम्ल होय. गाजराला रंग देणारें जें कॅरोटीन, त्यापासूनच तें बनतें. त्याच्या घडणीची रीत मोठी नवलाची आहे. धन वाणाला त्या कृतीचा कांहीं भागच साधतो, ऋण वाणाला उरलेला. एकानें अर्धवट बनविलेलें द्रव्य दुसऱ्याकडे झिरपतें आणि तेथें पुरें होतें. शेजारीं योग्य जोडीदार नसेल, तर तें द्रव्य पुरेशा प्रमाणांत तयारच होत नाहीं. ज्याची खूण पटवावयाची, त्याच्याच मदतीनें ती खूण पुरी व्हावी, अशी ही व्यवस्था आहे.

यीस्टची रीत याहून निराळी आहे, आणि आज जगांत सर्वांत बारकाईनें अभ्यासलेली तीच आहे. १९४३ मध्यें कार्ल आणि गर्ट्रूड लिंडेग्रेन या दांपत्यानें पावाच्या यीस्टमध्यें दोन जाती असल्याचें दाखवून दिलें. त्यांना आज ‘ए’ आणि ‘आल्फा’ म्हणतात. १९७० मध्यें असें सिद्ध झालें कीं, आल्फा पेशी ज्या पाण्यांत वाढल्या, त्यांतील पेशी गाळून काढून टाकल्या आणि केवळ तें पाणी ए पेशींवर घातलें, तरी ए पेशी कळ्या फुटण्याचें काम थांबवितात आणि त्यांचा आकार पालटूं लागतो. आल्फा पेशी तेथें नव्हत्याच. होता तो त्यांचा निरोप.

अशा निरोप्या द्रव्यांस ‘फेरोमोन’ हें नांव कार्लसन आणि ल्यूशर या दोघां शास्त्रज्ञांनीं १९५९ मध्यें दिलें. मराठी शेतकऱ्यास हा प्रकार अपरिचित नाहीं. कपाशीच्या शेतांत बोंडअळीचे नर पतंग पकडण्यास जे ‘कामगंध सापळे’ टांगतात, त्यांत मादीच्या अशाच द्रव्याची नक्कल भरलेली असते. फरक इतकाच कीं, पतंगाचा कामगंध वाऱ्यावरून दूरवर जातो, तर यीस्टचा निरोप ओलाव्यांतून जेमतेम कांहीं पेशींच्या अंतरावर पोंचतो.

आल्फा पेशीचा निरोप म्हणजे १३ अमिनो आम्लांची एक लहानशी सांखळी. ए पेशीचा निरोप १२ अमिनो आम्लांचा असून त्याला एक स्निग्ध शेपटी जोडलेली असते. परंतु निरोप नुसता धाडून भागत नाहीं. तो घेणारा पाहिजे. त्यासाठीं पेशीच्या आवरणांत एक विशेष प्रथिन बसविलेलें असतें. त्याला ‘ग्राही’ म्हणतात. शिवणाचा दोरा कापडांतून खालीं-वर जावा, तसें हें ग्राही आवरणांतून सात वेळां आरपार गेलेलें असतें. त्याचा कांहीं भाग बाहेर आणि कांहीं आंत. बाहेरच्या बाजूस निरोप येऊन बसला कीं ग्राहीची ठेवण किंचित् बदलते आणि ही हालचाल आंतल्या बाजूस कळते. दारावरची कडी बाहेरून वाजवावी आणि घरांत ऐकूं यावी, तसेंच हें. निरोप स्वतः घरांत शिरत नाहीं, तरी घरांत काम सुरू होतें.

सर्व व्यवस्थेची मेख येथेंच आहे. ए पेशीपाशीं केवळ आल्फाचा निरोप ओळखणारें ग्राही असतें. आल्फा पेशीपाशीं केवळ एचा निरोप ओळखणारें. जें पत्र आपण लिहावें, तें वाचण्याची सोय आपल्यापाशीं नाहीं. दुसऱ्याचें पत्र मात्र नीट वाचतां येतें. त्यामुळें ए पेशी कितीहि गर्दीनें एकत्र असल्या, तरी त्यांच्यांत परस्पर हालचाल होत नाहीं. एकच आल्फा पेशी शेजारीं आली कीं जवळच्या ए पेशी जाग्या होतात. आंतलें यंत्र दोघींचें बहुतांशीं एकच असतें. वेगळा असतो तो निरोप आणि वेगळें असतें तें दार.

ग्राहीनें खूण दिली कीं आंत एका प्रथिनानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास चेतवावें अशी सांखळी सुरू होते आणि ती केंद्रकापर्यंत जाते. तेथून तीन आज्ञा सुटतात. पहिली, विभाजन थांबवावें. कारण मीलनाच्या वेळीं दोघींच्याहि केंद्रकांत वारशाची एकेकच प्रत असली पाहिजे. दुसरी, जोडीदाराच्या आवरणाशीं सांधा जुळविण्यास लागणारी सामग्री तयार करावी. तिसरी, निरोप ज्या दिशेनें अधिक येत आहे, त्या दिशेस वाढावें. यीस्टला चालतां येत नाहीं. म्हणून ती पेशी एका बाजूस लांबत जाते आणि नासपतीसारखी दिसूं लागते. या आकारास शास्त्रज्ञ ‘श्मू’ म्हणतात. हें नांव आल कॅप या अमेरिकन व्यंगचित्रकारानें १९४८ मध्यें रंगविलेल्या एका गंमतीच्या प्राण्यावरून आलें आहे. दोन्ही पेशींचीं टोकें भिडतात, मधली भिंत विरघळते, दोन्ही केंद्रकें एक होतात. पुढें अन्नाची टंचाई आली कीं या नव्या पेशींतून चार बीजाणु बनतात आणि त्यांत दोन्ही घराण्यांचे गुण नव्या रीतीनें वांटले जातात.

निवड येथें संपत नाहीं. शेजारीं अनेक आल्फा पेशी असल्या, तर ए पेशी कोणाकडे वळते? जॅक्सन आणि हार्टवेल यांनीं १९९० मध्यें दाखविलें कीं, जी पेशी अधिक जोरानें निरोप धाडते तिच्याकडे. आणि हाच नियम उलट बाजूनेंहि लागू पडतो. पण निरोप सगळीकडे सारखाच दाटला, तर दिशा कशी कळावी? त्यासाठीं ए पेशी एक विकर बाहेर सोडते. तें आल्फाचा निरोप तोडून टाकतें. ज्याची वाट पाहावयाची तोच निरोप नष्ट करणें हा वेडेपणा वाटेल. परंतु त्यामुळें जुना, साचलेला निरोप नाहींसा होतो आणि नव्यानें येणाऱ्याचा उगम ठळक होतो. गलबला शमला म्हणजे हांक कोठून येते तें कळतें.

आतां कोणी विचारील, दोनच जाती असल्या तर वाटेंत भेटलेल्या परक्यांपैकीं निम्मे निरुपयोगीच ठरणार. ही अडचण कांहीं कवकांनीं फार मोठ्या प्रमाणावर सोडविली आहे. कुजक्या लांकडावर पंख्याच्या आकाराचें, खालीं चिरलेल्या कडांचें एक लहान अळंबें उगवतें. त्याचें शास्त्रीय नांव ‘शायझोफायलम कम्यून’. मणिपुरांत तें आवडीनें खातात. १९२० मध्यें हान्स क्नीप यानें या अळंब्यांत जोडीची कसोटी एक नसून दोन आहेत, आणि दोन्हींत भेद असल्याशिवाय मीलन पुरें होत नाहीं, असें दाखविलें. पुढें जॉन रेपर आणि त्याचे सहकारी यांनीं केलेल्या अंदाजाप्रमाणें पहिल्या कसोटीचे २८८ आणि दुसऱ्या कसोटीचे ८१ प्रकार जगांत आहेत. म्हणजे एकंदर २३,३२८ जाती झाल्या. या दुसऱ्या कसोटीचा कारभार फेरोमोन आणि ग्राही यांच्याकडेच आहे. मात्र येथें निरोपाचें काम जोडीदारास ओढून आणण्याचें नाहीं. या अळंब्याचे तंतु भेटेल त्याच्याशीं सांधले जातात; निरोप तपासला जातो तो नंतर. पाहुण्याचें केंद्रक घरांत फिरूं द्यावयाचें कीं नाहीं, हें त्यावर ठरतें. एकेक ग्राही परक्यांचे अनेक निरोप ओळखतें. आपल्या घरचे तेवढे ओळखत नाहीं.

याचा परिणाम आंकड्यांत पाहण्यासारखा आहे. एकाच अळंब्याच्या संततींत भावंडांची गांठ पडली, तर चारांपैकीं सरासरी एकच जोडी जुळते. सर्व जाती सारख्या प्रमाणांत आहेत असें धरलें, तर परक्याशीं गांठ पडल्यास १०० पैकीं सुमारें ९८ वेळां जोडी जुळते. घरांतील संबंध पुष्कळसे वर्ज्य, बाहेरचे जवळजवळ सारेच मान्य. इतका काटेकोर आणि तितकाच उदार निर्बंध मनुष्याच्या समाजांतहि विरळा.

तरी सगळींच कवकें इतकीं कडक नसतात. रानांतील पुष्कळशा यीस्टला जात पालटण्याची युक्ति साधलेली आहे. तिच्या गुणसूत्रावर दोन्ही जातींच्या मुकेपणीं ठेवलेल्या प्रती असतात. एकदां कळी देऊन झालेली पेशी त्यांतील दुसरी प्रत उचलून वापरांत आणते आणि एची आल्फा, किंवा आल्फाची ए होते. दूर कोठें एकटीच पडलेली पेशी अशा रीतीनें आपल्याच वंशांत जोडी जुळवूं शकते. सोयरा मिळेनासा झाला, म्हणजे निसर्गहि आपद्धर्म मान्य करतो.

येथवर ही कथा मनोरंजनाची झाली. उसाच्या मळ्यांत तिला निराळें वळण लागतें. उसाच्या शेंड्यांतून कधीं कधीं चाबकासारखा लांब, काळा दांडा बाहेर पडतो. शेतकरी त्यास ‘चाबूक काणी’ म्हणतात. या रोगाची पहिली नोंद दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांतांत १८७७ मध्यें झाली. चाबकावरील काळी भुकटी म्हणजे रोगाचे बीजाणु. वारा ते मळाभर पसरवितो. रोगट बेटास गवतासारखे बारीक फुटवे येतात, ऊस पोसत नाहीं, आणि खोडव्यांत रोग आणखी बळावतो. हा बीजाणु रुजला कीं त्यांतून ज्या सुट्या पेशी निघतात, त्या एकेकट्या असतां निरुपद्रवी असतात. त्यांना उसाच्या अंगांत शिरतां येत नाहीं. विरुद्ध जातीच्या दोन पेशी भेटल्या आणि जुळल्या, तरच त्यांच्यांतून जो तंतु निघतो तो उसाच्या डोळ्यांत घुसतो. मीलन झालें नाहीं तर काणीहि होत नाहीं.

हीच गोष्ट मक्याच्या काणीवर फार बारकाईनें तपासली गेली आहे. जर्मनींतील संशोधकांनीं १९९२ मध्यें असें दाखविलें कीं, या काणीच्या कवकाची जात जेथें ठरते, तेथें फेरोमोन आणि ग्राही घडविणारेच गुणघटक आहेत. दोन पेशी परस्परांच्या निरोपाकडे बारीक नळ्या वाढवितात आणि त्या नळ्यांच्या टोकांनीं एक होतात. मग दुसरी परीक्षा होते. दोघांकडून आलेलीं विशिष्ट प्रथिनें निरनिराळ्या घराण्यांतलीं असलीं, तरच तीं एकमेकांशीं जुळतात आणि परजीवी आयुष्य सुरू करण्याची आज्ञा देतात. मग मक्याच्या कणसावर फुगलेल्या काळ्या गांठी उठतात. मेक्सिकोंत या गांठी ‘उइत्लाकोचे’ या नांवानें चवीनें खाल्ल्या जातात. परंतु ज्याला कणसांतून धान्य पाहिजे, त्याच्या दृष्टीनें तो तोटाच.

या ज्ञानाचें मोल येथें कळतें. शत्रूला एक अरुंद दार ओलांडल्याशिवाय पुढें जातांच येत नाहीं, हें समजणें म्हणजे पहारा कोठें बसवावा तें समजणें होय. निरोप अडवावा, किंवा ग्राहीस खोट्या निरोपानें गुंतवून ठेवावें, अशा वाटेनें विचार करतां येतो. तोंवर शेतकऱ्याचा भरंवसा जुन्याच उपायांवर आहे. रोगास दाद न देणारा वाण लावावा. बेणें निरोगी मळ्यांतून घ्यावें आणि त्यास सुमारें ५० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्याची प्रक्रिया द्यावी. चाबूक दिसतांच त्यावर पिशवी चढवून तो कापावा, भुकटी सांडूं न देतां जाळावा आणि रोगट बेट समूळ उपटावें. रोगट मळ्याचा खोडवा राखूं नये. यांतील पुष्कळशा उपायांचें तात्पर्य एकच आहे. त्या दोन पेशींची भेट होण्याचे योग कमी करावे.

शेवटीं एक गोष्ट सांगावयाची राहते. आवरणांतून सात वेळां आरपार जाणारें तें ग्राही बुरशीचीच मिरास नाहीं. मनुष्याच्या डोळ्यांत प्रकाश टिपणारें प्रथिन त्याच घडणीचें आहे. नाकांत वास ओळखणारीं प्रथिनें आणि भीतीच्या क्षणीं हृदयास धडधडविणाऱ्या ॲड्रिनलिनचीं ग्राहीहि त्याच घडणीचीं. या ग्राहींच्या संशोधनाबद्दल रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांस २०१२ मध्यें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ए पेशीच्या निरोपास असलेल्या स्निग्ध शेपटीची कथाहि अशीच आहे. प्रथिनास अशी शेपटी जोडली जाते हें प्रथम १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानी शास्त्रज्ञांस एका कवकाच्या फेरोमोनांत आढळलें. पुढें तीच शेपटी मनुष्याच्या कर्करोगाशीं संबंध असलेल्या एका प्रथिनावर दिसली. आणि ती जोडण्याचें काम रोखणारें एक औषध २०२० मध्यें अमेरिकेंत मान्य झालें. लहान मुलांना अकालीं वार्धक्य आणणाऱ्या एका दुर्मिळ रोगावर तें दिलें जातें.

पावाच्या भट्टींत, कुजक्या ओंडक्यावर आणि उसाच्या डोळ्यापाशीं निरोप आणि ग्राही यांचा हा व्यवहार अखंड चालू असतो. कोठें त्यांतून पाव फुगविणाऱ्या यीस्टचा वंश पुढें जातो, कोठें पीक नासतें. आपलें कोण आणि परकें कोण हें ओळखण्याची विद्या डोळ्यांच्या आधीं, कानांच्या आधीं, भाषेच्या कितीतरी आधीं सृष्टींत आली. परक्याला ओळखावयाचें तें दूर लोटण्यासाठींच, अशी मनुष्याची सामान्य समजूत असते. बुरशीच्या पेशीला मात्र परकेपणाची खूण पटते, तेव्हांच ती दार उघडते.